जपानी ॲनिमेशनमधील गतीचे चित्रण : काटकसर, थांबा आणि धाव

प्रास्ताविक

मराठी प्रेक्षकाला जपानी ॲनिमेशनचा परिचय नाही, असे आता म्हणता येणार नाही. १९९० च्या दशकात दूरदर्शनवरून दाखविली गेलेली आणि मुलांनी डोक्यावर घेतलेली 'जंगल बुक' ही मालिका मुळात 'निप्पॉन ॲनिमेशन' या जपानी संस्थेची १९८९ सालची निर्मिती होती. पुढच्या पिढीच्या घराघरांत 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हिंदी बोलत अवतरले. युगो साको आणि आपल्याकडील ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या सहभागातून साकारलेला 'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत-जपान सहयोगाचा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतीय चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. परंतु या परिचयाचे रूपांतर चिकित्सेत झालेले दिसत नाही. आपल्याकडे चर्चा होते ती कथानकाची, मुलांच्या भाषेवर आणि वर्तनावर होणाऱ्या परिणामांची, फार तर रंगसंगतीची. ज्या घटकामुळे ॲनिमेशन हे ॲनिमेशन ठरते, तो गतीचा घटक मात्र विवेचनाबाहेरच राहतो.

गतीविषयी काही बोलले गेलेच, तर ते एका शेऱ्याच्या स्वरूपात असते : जपानी चित्रे कमी हलतात. या शेऱ्याची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिले असे की, जपानी निर्मात्यांकडे पैसा कमी होता, म्हणून त्यांनी चित्रे कमी काढली. दुसरे असे की, स्थिरता आणि रिक्तता ही जपानी संस्कृतीची मूलभूत मूल्ये असून ॲनिमेशनमधील निश्चलता हा त्यांचाच आविष्कार होय. पहिल्या स्पष्टीकरणात हेटाळणी आहे, दुसऱ्यात भक्ती आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी आहे की, ही दोन्ही स्पष्टीकरणे गतीकडे प्रत्यक्ष पाहण्याचे टाळतात. जपानी ॲनिमेशनमध्ये गती ही वेळेच्या वाटपाची बाब आहे. कोठे खर्च करायचे, कोठे रोखून धरायचे आणि कशासाठी, हे प्रत्येक दृश्यात नव्याने ठरविले जाते, आणि समीक्षेने त्या निर्णयाचे मूल्यमापन केले पाहिजे. त्याचबरोबर तो निर्णय कागदावर उतरविणाऱ्या हाताचाही विचार केला पाहिजे, कारण भक्ती आणि हेटाळणी या दोहोंनाही त्या हाताचा विसर पडलेला आहे.

चित्रांची संख्या आणि गतीचा प्रत्यय

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी स्वतंत्र रेखाटन केल्यास सेकंदाला २४ रेखाटने लागतात. एक रेखाटन दोन चौकटी टिकविल्यास १२, आणि तीन चौकटी टिकविल्यास ८. डिस्नेच्या अभिजात चित्रपटांत पहिल्या दोन पद्धतींचा वापर दिसतो, तर जपानी दूरचित्रवाणी मालिकांनी प्रामुख्याने तिसरी पद्धत स्वीकारली. यावरून २४ रेखाटनांची गती ८ रेखाटनांच्या गतीपेक्षा तिपटीने सरस, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. तो हिशेब चुकीचा आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात काम केलेले थोर ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेन यांचे प्रतिपादन असे होते की, ॲनिमेशनमध्ये प्रत्येक चौकटीत काय आहे यापेक्षा दोन चौकटींच्या दरम्यान काय घडते याला अधिक महत्त्व आहे. चौकटीत असते ते रेखाटन. गती जन्माला येते ती दोन रेखाटनांमधील अंतरात.

एक साधे उदाहरण घेऊ. टेबलावरील हात उचलून कपाळाशी नेण्याची क्रिया ८ रेखाटनांत दाखवायची आहे. ही ८ रेखाटने समान अंतरावर ठेवली, तर हात यंत्राच्या दांड्यासारखा वर जाईल. त्यांतील तीन रेखाटने टेबलाजवळ दाटीने ठेवली, मध्ये केवळ एक ठेवले आणि उरलेली चार कपाळाजवळ आवळत नेली, तर तोच हात आधी घुटमळतो, मग झटक्यात वर जातो आणि हलकेच विसावतो. रेखाटनांची संख्या तीच राहिली, परंतु माणूस बदलला. जपानी ॲनिमेटरांच्या परिभाषेत क्रियेपूर्वी शक्ती साठवून धरण्याला 'तामे' आणि रेखाटनांमधील अंतर आवळत नेण्याला 'त्सुमे' म्हणतात. समेवर येण्यापूर्वी हात क्षणभर रोखणाऱ्या तबलावादकाला या संकल्पना वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

आजच्या तंत्रज्ञानाने या मुद्द्याची एक आयतीच परीक्षा घेतली आहे. हल्लीच्या अनेक दूरचित्रवाणी संचांत मूळ चौकटींच्या दरम्यान यंत्राने तयार केलेल्या चौकटी भरून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. या सोयीने एखादी जपानी मालिका पाहिल्यास विचित्र अनुभव येतो. चित्रे वाढलेली असतात, पण गती हरवलेली असते. ॲनिमेटरने जेथे झटका ठेवला होता तेथे घसरण येते आणि जेथे थांबा होता तेथे तरंगणे येते. उलटपक्षी, संगणकावर घडविलेल्या त्रिमितीय जपानी मालिकांत कलावंत यंत्राने फुकट दिलेल्या चौकटी हेतुपुरस्सर काढून टाकतात आणि हालचाल सेकंदाला ८ किंवा १२ चित्रांवर आणतात. मधले चित्र काढण्याचा खर्च जेथे उरलेलाच नाही, तेथेही ते वगळले जात असेल, तर या वगळण्याला केवळ दारिद्र्य म्हणता येणार नाही. हे जपानपुरतेही मर्यादित नाही. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स' या अमेरिकी चित्रपटात नवशिक्या नायकाची हालचाल सुरुवातीला सेकंदाला १२ चित्रांवर ठेवून त्याचे अवघडलेपण दाखविले आहे.

तेझुका यांची काटकसर

तथापि, उगम दारिद्र्यातच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १ जानेवारी १९६३ रोजी फुजी दूरचित्रवाणीवर ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या मालिकेचे प्रसारण सुरू झाले. परदेशात ती 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखली गेली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तयार करावयाचा होता आणि तेझुका यांनी तो निर्मितीखर्चापेक्षाही कमी किमतीत देऊ केला होता. परिणामी त्यांच्या 'मुशी प्रॉडक्शन' या संस्थेने काटकसरीचे जे जे मार्ग असतील ते सर्व अवलंबिले. एक रेखाटन तीन चौकटी टिकविणे; पात्र स्थिर ठेवून केवळ ओठ हलविणे; एकाच मोठ्या चित्रावरून कॅमेरा सरकविणे; आणि उड्डाणाचे किंवा धावण्याचे एकदा काढलेले तुकडे जपून ठेवून पुढील भागांत पुनःपुन्हा वापरणे. गंमत अशी की, हे करणारे तेझुका स्वतः डिस्नेचे निस्सीम चाहते होते. 'बाम्बी'वर त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी चित्रकथाही रचली होती. त्यांना आवडत होती ती गती त्यांना परवडत नव्हती.

येथेच संस्कृतीवादी स्पष्टीकरणाची अडचण सुरू होते. निश्चलता हा जपानी प्रतिभेचा स्वभाव असता, तर तो तेझुकांच्या आधीही दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात १९५६ मध्ये स्थापन झालेल्या 'तोएई दोगा' या संस्थेचे उघड ध्येय पूर्वेकडील डिस्ने होण्याचे होते, आणि तिचा १९५८ चा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 'हाकुजादेन' हा भरपूर हालचालीचा चित्रपट आहे. शिवाय मर्यादित ॲनिमेशन ही पद्धत जपानने शोधलेली नाही. अमेरिकेत यूपीए या संस्थेने १९५० च्या 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग'सारख्या लघुपटांत ती आधुनिक चित्रकलेच्या प्रेरणेने वापरली होती, आणि हॅना-बार्बेरा यांनी १९६० पासून 'फ्लिंटस्टोन्स'मध्ये ती शुद्ध व्यापारी हेतूने राबविली होती. म्हणजे एकच तंत्र एका ठिकाणी सौंदर्यविचार होते, दुसऱ्या ठिकाणी हिशेब होते, आणि टोकियोत ती निकड होती.

तेझुकांच्या या वारशाबद्दल जपानमध्येही मतभेद आहेत. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हायाओ मियाझाकी यांनी त्यांच्या ॲनिमेशनमधील कार्यावर कठोर टीका केली. चित्रकथाकार म्हणून त्यांनी तेझुकांचे थोरपण मान्य केले. ॲनिमेशनच्या क्षेत्रात मात्र त्यांनी कमी मोबदल्याचा पायंडा पाडला, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्यालाही एक पदर आहे. मियाझाकी ज्या तोएईत १९६३ मध्ये दाखल झाले, तेथेही पूर्ण गतीचे स्वप्न पैशाच्या भिंतीवर आपटतच होते. इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि यासुओ ओत्सुका यांनी ॲनिमेशनची धुरा वाहिलेल्या १९६८ च्या 'होर्सु' या चित्रपटात गावावरील उंदरांच्या हल्ल्याचा प्रसंग वेळापत्रक कोलमडल्यामुळे स्थिर चित्रांच्या मालिकेतून दाखवावा लागला. तो प्रसंग आज पाहताना मला तरी कमतरता जाणवत नाही. हल्ल्याचे क्षण गोठून समोर येतात आणि भीती अधिकच बोचते. अर्थात, ओत्सुकांना तो तसा करावयाचा नव्हता, हेही विसरता कामा नये.

थांब्याचे व्याकरण

तेझुकांच्याच संस्थेत तयार झालेल्या ओसामू देझाकी यांनी या सक्तीचे व्याकरणात रूपांतर केले. १९७० मध्ये सुरू झालेली त्यांची 'आशिता नो जो' ही मालिका एका अनाथ मुष्टियोद्ध्याची कथा सांगते. मुष्टियुद्ध हा तर अखंड हालचालीचा विषय. देझाकींनी उत्तरोत्तर असे तंत्र विकसित केले की, निर्णायक क्षणी चित्र थांबते, त्याची स्वच्छ बाह्यरेषा जाऊन ते जाड, खरबरीत, हाताने रंगविलेल्या चित्रासारखे होते आणि काही सेकंद तसेच राहते. या तंत्राला पुढे 'पोस्टकार्ड मेमरी' असे नाव पडले. त्यांचे दुसरे आवडते तंत्र म्हणजे एकच हालचाल लागोपाठ तीनदा दाखविणे. घडणारी घटना एकदाच घडते, पण आठवणारे मन तिच्याकडे पुनःपुन्हा परतते, हे त्या तिहेरी आवृत्तीतून जाणवते. थांबलेल्या चित्रात ठोसा कमी लागतो असे नाही. तो लागून गेल्यानंतरचा काळ आपण पाहत असतो.

हिदेआकी आन्नो यांनी १९९५–९६ च्या 'शिन सेइकी इव्हांगेलिऑन' या मालिकेत ही वाट टोकाला नेली. २२ व्या भागात दोन मुली उद्वाहकात एकमेकींशी न बोलता उभ्या आहेत. जवळपास एक मिनिट पडद्यावर म्हणण्यासारखी हालचाल नाही. ऐकू येतो तो यंत्राचा आवाज. हे दृश्य आठवड्याच्या मालिकेतील वाचविलेली रेखाटने आहेत, हे कोणीही ओळखेल. पण पंधरा सेकंदांनंतर प्रेक्षक अस्वस्थ होतो, तीस सेकंदांनंतर तो त्या बंद पेटीत तिसरा उभा असतो. त्या दोघींमधील वैर संवादाने दाखवून एवढे जड झाले नसते.

मात्र प्रत्येक थांब्याला हा मान देता येणार नाही. साप्ताहिक मालिकांत असंख्य थांबे निव्वळ रिकामे असतात : ओठ तीन अवस्थांत उघडझाप करीत आहेत, मागे वेगरेषा धावत आहेत, आणि पात्र आपण किती वेगाने धावतो आहोत हे तोंडाने सांगत आहे. अशा दृश्याचे रिक्ततेच्या सौंदर्यशास्त्राने समर्थन करणे म्हणजे उपाशी माणसाच्या उपवासाचे कौतुक करणे होय.

काटकसरीतून थांब्याचे व्याकरण जन्मले, तसेच झेपेचेही जन्मले. योशिनोरी कानादा (१९५२–२००९) यांनी मधली रेखाटने कमी असतील तर मुख्य रेखाटने अधिक बोलकी करावीत, असा मार्ग काढला. त्यांची पात्रे एका अतिताणलेल्या पवित्र्यातून दुसऱ्यात जवळजवळ मधल्या पायऱ्यांवाचून उडी घेतात. पाय वाकडे, हात कॅमेऱ्यावर आदळणारे, ज्वाळा कोनांनी तुटलेल्या. १९८३ च्या 'गेन्मा ताइसेन' या चित्रपटातील त्यांचा अग्निसर्प पाहावा. ती आग निसर्गातील आगीसारखी नाही, तरी तिची धग पोहोचते. इचिरो इतानो यांनी १९८२ च्या 'माक्रोस' मालिकेत शेकडो क्षेपणास्त्रांच्या धुराच्या वळणदार रेषा आकाशात गुंफल्या आणि पाहणाऱ्याची नजरही त्यांच्या मागोमाग वळवत नेली. येथे काटकसर अशी की, सारा खर्च काही सेकंदांवर करावयाचा आणि बाकी भाग त्याची परतफेड करील.

जपानी ॲनिमेशनच्या अभ्यासात थॉमस लामार यांच्या २००९ च्या 'द ॲनिमे मशीन' या ग्रंथाने एक महत्त्वाचा भेद रूढ केला. बंदुकीच्या गोळीच्या टोकावर बसून खोलीत घुसण्याचा जो अनुभव चित्रपट देतो, तो एका बाजूस. आणि चित्राचे पारदर्शक थर एकमेकांवरून आडवे सरकताना मिळणारा, धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहण्यासारखा अनुभव दुसऱ्या बाजूस. या दुसऱ्या प्रवृत्तीला ते जपानी ॲनिमेशनचे विशेष सामर्थ्य मानतात आणि मियाझाकींच्या १९८६ च्या 'लापुता'चे तपशीलवार विश्लेषण करतात. हा भेद उपयुक्त आहे. इतानोंची क्षेपणास्त्रे पहिल्या बाजूस झुकतात, तर मियाझाकींचे ढग दुसऱ्या. परंतु त्यांचा भर मुख्यत्वे थरांमधील अंतरावर असल्याने रेषेच्या आतील अभिनय, म्हणजे एखादे पात्र पायरी कशी उतरते, हा प्रश्न काहीसा मागे राहतो. माझ्या मते खरी कसोटी तेथेच लागते.

एक जिना

मियाझाकी यांच्या २००१ च्या 'सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी' ('स्पिरिटेड अवे') या चित्रपटात दहा वर्षांची चिहिरो देवांच्या स्नानगृहाच्या बाहेरील उघड्या लाकडी जिन्यावरून तळातील बॉयलरच्या खोलीकडे निघते. जिन्याला कठडा नाही आणि खाली खोल दरी आहे. ती बसून, एकेक पायरी सरकत उतरते. या भागात हालचाल फार थोडी, पण प्रत्येक हालचालीला वजन आहे : आधी पाय चाचपतो, मग शरीर त्यावर विश्वास टाकते. इतक्यात एक पायरी पायाखाली मोडते. त्या धक्क्याने चिहिरो पुढे फेकली जाते आणि जी धावत सुटते ती थेट खालच्या भिंतीवर आपटेपर्यंत. एकाच जिन्यावर भीतीच्या दोन गती दाखविल्या आहेत. पहिलीत इच्छा पुढे आणि शरीर मागे, दुसरीत शरीर पुढे आणि इच्छा कोठेतरी वर राहून गेलेली. संवाद नाही. दिग्दर्शकाने घुटमळण्यावर आधी इतका वेळ खर्च केला नसता, तर धाव केवळ विनोदी झाली असती. ती आता विनोदी आहे आणि जिवावरची आहे.

याच चित्रपटात चिहिरो परत मिळालेले बूट पायात घालते आणि बुटाचे टोक जमिनीवर आपटून पाय नीट बसविते. कथेला याची गरज नाही. परंतु जे मूल घाईत असूनही बूट नीट बसवते, ते खरे मूल आहे, हे एवढ्याने पटते. आणि पुढे ज्या आगगाडीच्या प्रवासाची चर्चा सर्वत्र होते, त्यात पात्रे जवळजवळ निश्चल बसलेली आहेत. पाणी, खांब, दूरची घरे खिडकीबाहेरून सरकत जातात. जिन्यावर खर्चलेली गती येथे शिलकीतून वापरली जाते. चिहिरोच्या शरीराचे वजन आपण आधी अनुभवलेले असल्यामुळे तिचे स्वस्थ बसणे हीदेखील एक कृती वाटते.

मियाझाकींनी २००२ मध्ये अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना दिलेल्या मुलाखतीत या प्रकाराला 'मा' हा जपानी शब्द वापरला आणि टाळ्या वाजवून दोन टाळ्यांमधील वेळ म्हणजे 'मा', असे दाखविले. तेव्हापासून हा शब्द समीक्षेत मंत्रासारखा उच्चारला जातो. मियाझाकींच्या कृतीकडे नीट पाहिले तर लक्षात येते की, त्यांनी मोकळी जागा दाखविण्यासाठी आधी टाळी वाजविली. टाळीशिवाय 'मा' नाही. 'मा' हे परिणामाचे वर्णन आहे. त्याला कारण समजले की प्रत्येक रिकामी चौकट आपोआप तत्त्वज्ञान होऊन बसते.

परंपरेचा शोध घ्यावयाचाच, तर तो ताकाहाता यांनी अधिक जबाबदारीने घेतला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी १२ व्या शतकातील चित्रगुंडाळ्यांची ॲनिमेशनच्या अंगाने चिकित्सा केली. 'शिगिसान एंगी' या गुंडाळीत एक वृद्ध भिक्षुणी तोदाइजी मंदिरातील भव्य बुद्धमूर्तीसमोर एकाच चित्रात अनेकदा काढलेली आहे : येताना, प्रार्थना करताना, झोपलेली, निघताना. स्थळ एक, काळ अनेक. ही युक्ती जपानची खासगी मालमत्ता नव्हे, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातकात तोच राजपुत्र भिंतीवर पुनःपुन्हा भेटतो. ताकाहातांचा मुद्दा आत्म्याचा नव्हताच. स्थिर चित्रातून काळ वाहता ठेवण्याचे तंत्र जुन्या चित्रकारांनी कसे सोडविले, हा त्यांचा कारागिराचा प्रश्न होता.

मधली रेखाटने कोण काढतो

जपानी स्टुडिओत मुख्य रेखाटने काढणारा 'गेंगा'कार आणि त्यांच्या दरम्यानची रेखाटने पूर्ण करणारा 'दोगा'कार यांत कामाची विभागणी असते. दोगाकाराला बहुधा नगावर मोबदला मिळतो. एका रेखाटनाला साधारणतः २०० येन हा दर दीर्घकाळ ऐकू येत राहिला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या जपानी ॲनिमेशनकारांच्या संघटनेच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दोगाकारांचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख येन होते. म्हणजे त्या वेळच्या देशातील सरासरी वेतनाच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी. या कामाचा मोठा वाटा दक्षिण कोरिया, चीन आणि फिलिपाइन्समध्ये जातो.

चाहत्यांच्या वर्तुळात उत्कट गतीच्या तुकड्यांना 'साकुगा' म्हणून गौरविले जाते आणि ते काढणाऱ्या गेंगाकारांची नावे आदराने घेतली जातात. हे स्वागतार्ह आहे. आपल्याकडे एखाद्या ॲनिमेटरचे नाव किती प्रेक्षकांना सांगता येईल? परंतु दोन पवित्र्यांमधील अंतर ज्याच्या हाताने भरले गेले, त्याचे नाव श्रेयनामावलीत भरभर वर सरकून जाते. मॅक्लॅरेन म्हणतात त्याप्रमाणे गती दोन चित्रांच्या दरम्यान जन्मत असेल, तर ती ज्याच्या मेजावर जन्मते तोच या व्यवसायातील सर्वांत कमी मिळकतीचा माणूस आहे. स्थिरतेला राष्ट्रीय स्वभाव मानणारे विवेचन या हिशेबावर सोयीस्कर पडदा टाकते. कमी चित्रे काढणे ही संस्कृती ठरली, की कमी पैसे देणे हाही जणू तिचाच भाग होतो.

दोन धावा

ताकाहाता यांच्या कारकिर्दीच्या दोन टोकांना दोन मुली धावतात. त्या धावांची तुलना या सर्व चर्चेला प्रत्यक्ष रूप देते, आणि ती अद्याप पुरेशी झालेली नाही असे वाटते.

पहिली धाव १९७४ च्या 'आरुप्सु नो शोजो हाइदी' या मालिकेच्या पहिल्याच भागातील आहे. मावशीने एकावर एक कपडे चढवून आणलेली लहानगी हायडी आल्प्सच्या चढणीवर घामाघूम होते, आणि शेळ्यांबरोबर धावत सुटताना एकेक कपडा उतरवून टाकते. दृश्यांची आखणी मियाझाकींची. साप्ताहिक मालिकेचे अंदाजपत्रक, सेकंदाला आठाच्या आसपास रेखाटने. तरीही ती हलकी होत जाते हे दिसते : सुरुवातीला गोळ्यासारखी लडबडणारी आकृती, मग मोकळे होणारे हात, शेवटी पायांची उसळी. गती तीच राहते, वजन बदलते. हे केवळ रेखाटनांच्या अंतरांतून साधले आहे, आणि तेझुकांच्या काटकसरीच्या चौकटीतच साधले आहे.

दुसरी धाव २०१३ च्या 'कागुया-हिमे नो मोनोगातारी' या त्यांच्या अखेरच्या चित्रपटात आहे. राजधानीतील प्रासादात कागुयाच्या नामकरणाची मेजवानी चालू आहे. पडद्याआड बसलेल्या तिच्या कानावर मद्यधुंद पाहुण्यांचे हीन बोलणे पडते. ती उठते, दारे फोडीत बाहेर पडते आणि चंद्रप्रकाशात धावत सुटते. भरजरी वस्त्रे एकामागून एक मागे गळत जातात. शिंजी हाशिमोतो यांनी साकारलेल्या या धावेत रेषा क्रमाक्रमाने फाटत जाते. आधी चेहरा असतो, मग कोळशाचे फटकारे उरतात, मग शरीर आणि वादळ यांत भेद राहत नाही. जो कच्चा आराखडा सामान्यतः स्वच्छ रेषेखाली पुसून टाकला जातो, तोच येथे पडद्यावर ठेवला आहे.

हायडी कपडे टाकते तेव्हा तिला पुढे डोंगर आहे. कागुया वस्त्रे टाकते तेव्हा ती ज्या गावाकडे धावते, तेथे तिचे आता कोणी उरलेले नाही. म्हणून पहिल्या धावेत शरीर सापडत जाते आणि दुसरीत ते नाहीसे होत जाते. आणि दोन्ही ठिकाणी हा अर्थ संवादावर सोपविलेला नाही. दोन धावांमधील एकोणचाळीस वर्षांत ताकाहातांच्या हाती अधिक साधने आली, हे खरेच. पण त्यांनी ती गुळगुळीतपणा विकत घेण्यासाठी वापरली नाहीत. हा चित्रपट पूर्ण होण्यास सुमारे आठ वर्षे लागली आणि खर्च ५ अब्ज येनच्या घरात गेला. अपुऱ्या वाटणाऱ्या त्या रेषेसाठी गेंगाकार, दोगाकार आणि रंगलेपक यांची नेहमीची विभागणीही मोडावी लागली, कारण फटकाऱ्याच्या मधले अंतर दुसऱ्या कोणास स्वच्छ करून द्यावयास सांगता येत नव्हते. कागुया धावत बर्फात कोसळते. शुद्धीवर येते ती पुन्हा त्याच प्रासादात, आणि रेषा पूर्ववत नीटनेटकी झालेली असते.